खुनी कोण, ते सांगू नकोस

आमचे सासरे, अण्णा, घर सोडून जायच्या बेतात आहेत, हे मला थ्रिलर सिनेमांमुळे कळलं.

अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून रोज दुपारी आम्ही दोघं मिळून टीव्हीवर एक खून बघतो. (जेवणानंतर. उपाशीपोटी खून सोसत नाही.) त्यामुळे या सिनेमांचे नियम मला पाठ आहेत. एकदम गोड वागू लागेल त्याच्यावर एक डोळा ठेवावा. फोन आला की गॅलरीत जाईल त्याच्यावर दोन्ही!

आणि अण्णांनी चक्क माझ्या दुधीच्या भाजीचं कौतुक केलं! मग "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत भर दुपारी गायब होऊ लागले. एकदा गॅलरीतून आवाज आला, "घरी आता सहन होत नाही रे. आलोच."

मी लगेच ताडलं. दिंडोरीचे धाकटे दीर कधीपासून त्यांना द्राक्षमळ्यावर राहायला बोलावत होते. अण्णा गेले तर दुपारी या घरात मी कुणाशी बोलू?

पाठलाग करायचं ठरलं. वेषांतराची चिंताच नव्हती. नाशकात स्कूटीवरची प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवते. सिनेमावाल्यांनी आमच्याकडून शिकावं! अण्णा पुढे चालत, मी मागे स्कूटीवर, दोन्ही पाय जमिनीला घासत.

एकलहऱ्याचे त्यांचे जुने सोबती शिंदेकाका. त्यांच्या दारात अण्णा थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, "सूनबाई, आपल्या गेटपासून तुझा इंडिकेटर वाजतो आहे."

आत टीव्हीवर नुकताच एक खून पडला होता. मी स्कार्फ खाली ओढला.

"अण्णा, आपल्या घरी टीव्ही नाही का?"

"आहे ना. पण तूही आहेस! दहाव्या मिनिटाला खुनी सांगतेस. आणि वर बरोबर सांगतेस!"

शिंदेकाका खो खो हसले. अण्णा मात्र हळूच म्हणाले, "अगं, या वयात बहुतेक गोष्टींचा शेवट आधीच ठाऊक असतो. एखाद्या तरी गोष्टीचा नसावा."

मला फार वाईट वाटलं. पडद्यावरचा प्रत्येक चेहरा मी निरखला होता, शेजारच्या खुर्चीतला एकदाही नाही.

"घरी चला, अण्णा. यापुढे एक शब्द बोलणार नाही," मी म्हटलं. तेवढ्यात टीव्हीकडे लक्ष गेलं. "तो डॉक्टर बघा, उगाचच..."

"स्कार्फ!" दोघं एकदम ओरडले.

तेव्हापासून अण्णा दुपारी घरीच असतात. टीव्हीवर अट्टल खुनी उजळ माथ्याने हिंडतात, आणि मी माझ्याच घरात तोंड बांधून बसते!