चिमूटभर मिश्री

शेजारीण तव्यावर तंबाखूची मिश्री भाजते, तेव्हा त्या वासाने मी भीमाशंकरखालच्या आमच्या भातखाचरात पोहोचते. लावणी चालली होती. चार वर्षांची माझी सुमी दाढ धरून रडत होती. मी दाढेला चिमूटभर मिश्री लावली. ती गुंगून बांधावर झोपली, ओठांवर काळी लाळ. मग लावणी संपेपर्यंत, दाढ दुखत नसतानाही, मी रोज लावली.

आज जुन्नरला सुमी आपल्या लेकाचे दात घासत त्याला सांगत होती, "माझी आई माझे दात रोज घासायची."

"मिश्री व्हती ती," मी एकदाची बोलले. "तू झोपावंस म्हणून लावायचे."

"ठावं हाय, आई. लई गरगरायचं." तिने ब्रश माझ्या हातात दिला. "आता ह्याचे तू घास. पर नुस्त्या पेस्टनं."