सौंसरच्या जीपचे नवे दिवे

नागपूरच्या बसस्थानकावर छिंदवाड्याच्या बसमध्ये चढलो तेव्हा माझ्या मांडीवर एक खोका होता आणि खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेले दोन गोल हेडलाइट. पुण्याहून निघालेल्या रेल्वेत ते मी रात्रभर उशाशी घेऊन झोपलो होतो. बस भरत गेली, तसा कंडक्टर म्हणाला, "भाऊ, खोका वर टाका, इथं माणूस बसन." वर ठेवला. सावनेरला एक गृहस्थ चढले, त्यांनी आपली विळे-कुदळींची पिशवी नेमकी त्यावर ठेवली. मी काही म्हणायच्या आत बस सुटली होती.

माझा मित्र संजय पूर्वी पुण्यात माझ्यासोबत कामाला होता, आता छिंदवाड्याला नोकरी करतो, रविवारी घरी येतो. त्याचं घर सौंसरचं. घरी वडील श्यामराव, बायको वैशाली आणि एक जुनी जीप, चारही चाकांना जोर देणारी, श्यामरावांनी सरकारी लिलावात घेतलेली. माझ्याकडेही तसलीच जीप आहे आणि तिचे दिवे मी स्वतः बदललेत, हे संजयला ठाऊक होतं. एके दिवशी त्याचा फोन आला. "बाबा अंधारातही गाडी चालवतात. दोनदा गाडी नाल्यात उतरवली. म्हणतात डोळे ठीक आहेत, दिवेच मिणमिणते आहेत. तू ये अन् दिवे बदलून दे. मग तरी खरंखोटं कळेल." मला संत्र्यांच्या दिवसांत तो मुलूख पाहायचाच होता. मी हो म्हटलं.

सावनेर सुटल्यावर थोड्या वेळात राज्य बदलतं. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, बसमधलं बोलणं मात्र मराठीच राहतं. रस्त्याच्या एका बाजूला कापूस फुटलेला, दुसऱ्या बाजूला संत्र्यांच्या बागा. झाडं बुटकी, गर्द हिरवी, आणि फळांच्या ओझ्याने वाकू नयेत म्हणून फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले.

सौंसरला उतरून खोका हलवला तर आत काचा वाजल्या.

श्यामराव घ्यायला आले होते. सत्तरीचे, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला मफलर. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. "जय भीम," म्हणत त्यांनी माझी बॅग ओढून घेतली. मी फुटलेल्या दिव्याचं सांगितलं, तर म्हणाले, "एक तं वाचला नं! एका डोळ्यानं बी जग दिसते." आणि स्वतःच हसले.

गाडी ते फार चांगली चालवत होते. भर बाजारातून, हातगाड्या आणि गाईंच्या मधून त्यांनी जीप अशी काढली की मला वाटलं, संजय उगाच घाबरतोय.

दुपारी आम्ही बोरगावच्या बाजूला त्यांच्या बागेत गेलो. डांबरी सडक सोडली की वाट काळ्या मातीची. मधे एक नाला, त्याच्या दोन्ही काठांवर चढ इतका उभा की साधी गाडी तिथे फिरकणार नाही. जीप त्यासाठीच. सकाळी तोडणीच्या मजूर बायांना बागेत आणायचं आणि संध्याकाळी गावात सोडायचं, हे काम श्यामराव स्वतः करायचे. डिसेंबरात सहाच्या आत अंधार पडतो.

बागेत वैशाली होती. तोडलेली संत्री लहान-मोठी निवडून क्रेटमध्ये भरायचं काम तिच्या देखरेखीखाली चाललं होतं. तिने मला एक संत्रं सोलून दिलं. "हे घ्या भाऊजी. बाजारात चकचकीत दिसते ते नाही, हे सालटं ढिलं झालेलं खा." खरोखरच, इतकं गोड आणि रसाळ संत्रं मी पुण्यात कधी खाल्लं नव्हतं.

ऊन कलल्यावर बाया उठल्या. श्यामरावांनी जीप वळवून लावली, पण बाया विळे कमरेला खोचून नाल्याकडे पायी चालायला लागल्या.

"बसत काऊन नाही वो?" श्यामरावांनी हाक मारली.

"पाय मोकळे होतात, बाबाजी!" एक म्हातारी न थांबता म्हणाली.

दिवसभर उभ्याने संत्री तोडलेली माणसं पाय मोकळे करायला कोस-दीड कोस कशाला चालतील? मी वैशालीकडे पाहिलं. श्यामराव क्रेट मोजायला पलीकडे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अंधारात गाडी वाट सोडून नाल्यात गेली तेव्हापासून बसत नाहीत. लेकरंबाळं असतात त्यांची. पण मामाजीच्या तोंडावर कोण सांगन?" (सासऱ्यांना इकडे मामाजी म्हणतात.) "मी बी नाही सांगितलं. लायसन्स आहे माझ्याजवळ. बागेतल्या बागेत चालवते मी गाडी. पण सडकेवर मामाजी किल्ली देत नाहीत. म्हणतात, सून गाडी चालवन अन् मी बाजूले बसन, लोक काय म्हणतीन."

रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकर, भरली वांगी आणि मिरचीचा ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. श्यामराव समाधानाने पाहत होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सौंसरचा मिस्त्री कुणाच्या लग्नाला गेलेला, म्हणून आम्ही पांढुर्ण्याला निघालो. वाटेत जामसांवली लागलं. मारुतीच्या दर्शनाला जाणारी माणसं सकाळपासूनच रस्त्याच्या कडेने चालत होती, काही अनवाणी. श्यामराव त्यांना सांभाळून, हॉर्न न वाजवता गाडी काढत होते. थोडं पुढे गेल्यावर टपरीवर पोहे खाल्ले, वर झणझणीत तर्री (हरभऱ्याचा रस्सा) ओतलेले.

पांढुर्ण्यात धनराज नावाच्या मिस्त्रीचं दुकान होतं. मी माझा धड राहिलेला दिवा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि मागच्या फळीवरून अगदी तसाच काढून शेजारी ठेवला.

"पुण्याहून आणला?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं केलं," तो गंभीरपणे म्हणाला, आणि श्यामराव खो खो हसले.

नुसते दिवे बदलून भागणार नव्हतं. या जुन्या जीपमध्ये बॅटरीची सगळी वीज आधी डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येते आणि तिथून बारीक, जुन्या वायरींमधून दिव्यांकडे जाते. एवढ्या वाटेत तिचा जोर कमी होतो. म्हणून मधे रिले बसवायचा, म्हणजे स्विचने फक्त इशारा द्यायचा आणि वीज जाड वायरीतून थेट दिव्यांना मिळायची. धनराज आणि मी जवळजवळ दिवसभर त्यात होतो. दिवा बसवायच्या गोल कड्यांचे स्क्रू गंजलेले. एक माझ्या हाताने तुटला, एक त्याच्या. एकदा त्याने वायर उलटी जोडली आणि दिवे लावल्यावर हॉर्न वाजायला लागला, तेव्हा मात्र मी हसून घेतलं. श्यामराव बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "नवीन बत्ती लावून राहिलो!"

ऊन गेल्यावर जीप समोरच्या बंद शटरसमोर उभी केली. दिव्यांच्या उंचीवर खडूने रेघ मारली आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली येईल असे स्क्रू फिरवले. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून हे फार जपून करावं लागतं. शटरवर स्वच्छ, सपाट उजेड पडला. श्यामराव त्याच्याकडे बघत उभे राहिले. "चला," म्हणाले, "आता पाहा गाडी कशी चालवतो ते."

गाव सुटलं, अंधार झाला. दिवे खरोखर उत्तम होते. दूरवरचे मैलाचे दगड, बाभळीची खोडं, रस्त्याची तुटलेली कड, सगळं मला स्पष्ट दिसत होतं. श्यामराव खुशीत होते. "दिवस करून टाकला नं बाप्पा!"

मग समोरून गाड्या यायला लागल्या. प्रत्येक गाडी आली की ते वेग कमी करून जवळजवळ थांबायचे, मान तिरकी करायचे. "सामनेवाले लय बत्ती मारतात," ते म्हणाले. मलाही समोरचे दिवे दिसत होते, पण इतके काही नव्हते. मी गप्प राहिलो. मित्राचे वडील, त्यांची गाडी, त्यांच्या ओळखीचा रस्ता.

जामसांवलीच्या अलीकडे एक ट्रक समोरून येत होता. आमच्या बाजूने, रस्त्याच्या कडेला, तीन माणसं चालत होती. एक पुरुष, एक बाई आणि तिच्या कडेवर मूल. पुरुषाचा पांढरा सदरा आमच्या उजेडात चमकत होता. मला ती केव्हापासून दिसत होती. श्यामराव आता गाडी उजवीकडे घेतील, मग घेतील, अशी मी वाट पाहत होतो. स्टिअरिंग हललं नाही.

"काका, माणसं!"

"कुठं?" ते म्हणाले.

त्यांचा स्वर अगदी साधा होता. खरंच विचारत होते. मी स्टिअरिंगला हात घातला आणि ओरडलो, "ब्रेक!" त्यांनी ब्रेक दाबला. जीप तिरकी होऊन, धूळ उडवत थांबली. ट्रक हॉर्न देत निघून गेला. ती माणसं आमच्या बंपरच्या पुढे हातभर अंतरावर होती. बाईने मुलाला छातीशी दाबून धरलं होतं. पुरुषाने आमच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलला, आणि ती पुढे चालायला लागली.

श्यामरावांनी इंजिन बंद केलं. दिवे चालूच होते. त्या उजेडात ती तिघं लांब जाताना दिसत होती, म्हणजे मला दिसत होती.

"तुम्हाले दिसले होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कवापासून?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "बऱ्याच लांबून, काका."

ते मान हलवत राहिले. "म्हणजे बत्ती चांगली आहे," ते म्हणाले. मग दार उघडून उतरले, बोनेटला हात टेकत जीपच्या पुढून फिरून माझ्या बाजूला आले आणि उभे राहिले. मी सरकून स्टिअरिंगवर बसलो. घरापर्यंत गाडी मीच चालवली.

अंगणात जीप थांबली. मी चालकाच्या बाजूने उतरलो, ते वैशालीने पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन पाणी आणलं. श्यामराव ओसरीवर बसले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वैशाली, बाया पायी काऊन जातात?"

ती खांबाला धरून उभी राहिली. "भेतात, मामाजी."

"मले?"

"गाडीले."

"गाडीले कायले भेतील. अन् तू?"

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बी भेते. पण तुमच्यासाठी. तुम्ही परत येईपर्यंत माझा जीव भांड्यात नाही पडत."

श्यामरावांनी मफलर काढून मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली. मग मला म्हणाले, "समोरून बत्ती आली नं, की कापसाचा बोळा डोळ्यांवर ठेवल्यासारखं होते. दोन वर्षं झाली असन. मले वाटे, बत्तीच जुनी झाली."

मला वाटत होतं की संजय आल्यावर त्याने हे हाताळावं, पण संजय येईपर्यंत सगळं ठरूनही गेलं होतं. रविवारी दुपारी तो आला तेव्हा वडिलांनी स्वतःच सांगितलं, "नागपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लाव." संजय माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले.

त्या संध्याकाळी बागेतून परतताना किल्ली वैशालीकडे होती. तिने पदर खोचला, सीट पुढे ओढली, दिवे लावले. श्यामराव बाजूला बसले. बाया नाल्याकडे निघालेल्या, त्या थबकल्या. परवाची म्हातारी जीपजवळ आली, आधी वैशालीकडे पाहिलं, मग श्यामरावांकडे.

"बसा," श्यामराव समोर बघत म्हणाले. "गाडी सून चालवून राहिली."

म्हातारी चढली. मग सगळ्याच चढल्या, टोपल्या-बिपल्यांसकट, आणि मला मागच्या फाळक्यावर लटकून जावं लागलं. नाल्याच्या चढावर वैशालीने गाडी एकदा बंद पाडली. श्यामरावांचा हात गिअरकडे गेला आणि त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. दुसऱ्या खेपेला जीप गुरगुरत चढ चढली.

सोमवारी सकाळी बसमध्ये बसलो तेव्हा मांडीवर संत्र्यांची पेटी होती. ती मात्र मी कुणाला वर ठेवू दिली नाही. सावनेरपर्यंत धुकं होतं आणि समोरून येणारे दिवे त्यात विरघळल्यासारखे दिसत होते. मी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे, आणि दिव्यांवर इतकी वर्षं खटपट केली, पण डोळे तपासून घ्यायला कधी गेलेलो नाही, हे तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं. पुण्याला पोचल्यावर त्याच आठवड्यात जाऊन आलो.

उन्हाळ्याच्या तोंडाला श्यामरावांचा फोन आला. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. आवाजात पहिला जोर होता.

"आता तर गाडी चालवत असाल?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणते चालवा. पण वैशालीचा हात बसला आता. मी बाजूलेच बसतो."

"आणि लोक?"

"लोकाले काय काम आहे? दोन दिवस पाह्यलं, मंग थकले." मग म्हणाले, "एक सांगू का भाऊ? चालवणाऱ्याले खाली सडकच दिसते. इतकी वर्षं जाऊन-येऊन राहिलो, पण नाल्याच्या वरच्या अंगानं एवढं मोठं पळसाचं झाड आहे, हे मले माहीतच नव्हतं. लालभडक फुललं आहे, काय सांगू तुम्हाले. काल वैशालीले म्हटलं, थांब जरा. अन् सगळ्या बायांसकट गाडी थांबवून पाह्यलं."