उठाव आला

"आला!" म्हणून आमचे सर टेबलावर अशी थाप मारायचे की शेजारच्या टेबलावरचा चहा बशीत उतरायचा. नव्या माणसाला वाटे, यांच्याकडे कुणी पाहुणा आला असावा. आलेला असायचा तो उठाव.

हे जरा सांगायला हवं. आमचं लखनऊचं ऑफिस जमिनीखालचे खडक आकाशातून शोधायचं. विमानातून एक फोटो घेतात, विमान थोडं पुढे गेलं की त्याच जागेचा दुसरा. ती जोडी स्टिरिओस्कोपच्या भिंगांखाली शेजारी शेजारी ठेवायची. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा. क्षणभर नुसता गोंधळ, आणि मग एकदम कागदातून डोंगर वर येतो, दरी खाली जाते. त्याला उठाव म्हणायचं. त्यावरून खाली खडक कुठे तुटलाय, कुठे वळलाय ते ताडायचं. रोज तेच बघून आम्ही जांभया द्यायचो. सरांना मात्र निवृत्तीला आले तरी दर वेळी नवल वाटे.

मी अमरावतीची, ते साताऱ्याचे. सबंध ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मी त्यांना सर म्हणे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. या नात्यात काही चुकतंय असं तिघांनाही कधी वाटलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी डावा फोटो उजवीकडे ठेवला. असं झालं की सगळं उलटं दिसतं, खड्ड्याचा डोंगर होतो. मी नदी आपली टेकडीच्या माथ्यावरून काढली. सर वाकून बघतात तो काय! "काय गं, नदी डोंगरावर चढवलीस? दमली असेल बिचारी. उतरव खाली." नंतर भेटेल त्याला तेच सांगत सुटले. मला असा संताप आला की मी डबा वेगळा खाऊ लागले. मग वहिनींनी माझ्यासाठी थालीपीठ धाडलं, आणि थालीपिठापुढे राग किती टिकणार?

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे आपलं काम बाजारातसुद्धा खिशात घालून नेतं. उपग्रहाच्या आमच्या चित्रांत हिरवी झाडं लाल रंगानं दाखवतात. सर भाजीवाल्याला सांगायचे, "भैया, तुम्हारा पालक ऊपर से एकदम लाल दिखता है, मालूम है क्या?"

"साहब, हमारी पालक तो हरी है," तो शांतपणे म्हणायचा, "ऊपर से देखिए चाहे नीचे से."

आणि गंमत बघा, हा माणूस विमानात कधी बसलेलाच नव्हता. फोटो काढणारे वेगळे, बघणारे आम्ही. छावणीतल्या रस्त्यानं जाताना अमौसीच्या विमानतळावर उतरणारं विमान दिसलं की स्कूटर बाजूला घेऊन मान वर करून उभे राहायचे. "खिडकीतून काय उठाव दिसत असेल, नाही?"

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, तेव्हा बुंदेलखंडातल्या एका गावाचं काम आलं. तिथं खाली सगळा ग्रॅनाइट. पाणी असलंच तर खडकाच्या भेगेत, आणि भेग चुकली की बोअर कोरडी. सरांनी फोटो लावले, वाकले, थाप मारली. "आला! बघ, ओढा कसा खोल उतरलाय."

मी भिंगांवर डोळे टेकवले. ओढा टेकडीच्या माथ्यावरून चालला होता.

फोटो उलटे लागले होते आणि सरांना ते कळलं नव्हतं. चेष्टेची केवढी संधी होती! पण चेष्टा सुचली नाही. मी हळूच विचारलं, "सर, तुम्हाला नक्की काय दिसतंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "डाव्या डोळ्याचा पडदा गेला गं. आता दोन्ही कागद सपाट. हिला सोडून कुणाला सांगितलं नाही. साहेबांना कळलं तर शेवटचं वर्ष स्टोअरमध्ये बसवतील. या टेबलावरून उठायचं म्हणजे... नको वाटतं."

"आणि गावाची बोअर कोरडी गेली तर?" मी चिडूनच म्हटलं. रागही आला होता आणि रडूही.

"म्हणून तर हल्ली प्रत्येक जोडी तुला बघायला लावतो. माझ्या एकट्यावर सोडेन का मी?"

मी फोटो सरळ केले. मी भिंगांवर, ते शेजारी डोळे मिटून.

"ओढा सरळ येतोय?"

"नाही, एकदम काटकोनात वळतोय."

"वळतो तिथं पलीकडे काय?"

"खाच आहे. टेकडीतून आरपार."

"उपग्रहाच्या चित्रात तिच्यावर झाडं?"

"लाल ठिपके आहेत. ओळीनं."

"गाडीवाट नाही ना ती? खोल आहे? घाई करू नकोस, पोरी."

"खोल आहे, सर."

टेबलावर थाप पडली. "आला!"

त्या खाचेवर बोअर घेतली आणि पाणी लागलं. ते कळलं त्याच दिवशी सर आपणहून साहेबांच्या केबिनमध्ये गेले, डोळ्याचं सगळं सांगितलं. "देखती ये है, बोलता मैं हूँ. चलेगा तो रखिए." साहेब लखनवी. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आप बस बोलते रहिए, जनाब." सर शेवटपर्यंत त्याच टेबलावर बसले.

निवृत्तीनंतर मुलीनं मुंबईला बोलावून घेतलं, दिल्लीमार्गे विमानाची तिकिटं धाडली. मी अमौसीला पोचवायला गेले. मला वाटलं होतं, स्वारी नाचत असेल. पण सर नुसत्या बॅगा मोजत होते. "खिडकीशी हिला बसू दे," म्हणाले. "मला आता काय, सपाटच दिसणार." 

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन.

"आला गं, आला!"

"अहो सर, कोण आला?"

"सह्याद्री! हिनं बळंच खिडकीशी बसवलं. आधी सगळं सपाट. मग म्हटलं, थांब. एकदा बघितलं, डोळा मिटला, विमान पुढं जाऊ दिलं, पुन्हा बघितलं. दोन जागांवरनं दोन फोटो, कळतंय का? डोळा एकच! कडे असे वर आले, असे..." वहिनींनी फोन घेतला. "अगं, पुढच्या सीटवर थाप मारली यांनी. तो माणूस केवढा दचकला! आणि मग हे रडत बसले."

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मुंबईच्या विमानात मी खिडकीच मागून घेते. डोंगर दिसू लागले की हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवते. माझे दोन्ही डोळे अजून चांगले आहेत, तरी डावा मिटून घेते.