घोड्याचा मागचा पाय

"चुकलंय."

आमच्या दवाखान्यात पाऊल टाकल्यावर मदाम पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. कुवेतमध्ये हवल्ली भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथे मी रिसेप्शनला बसते. समोरच्या भिंतीवर टूथपेस्टवाल्यांनी दिलेलं पोस्टर होतं. आई, बाबा, दोन मुलं आणि सगळ्यांच्या हातात ब्रश. मदामनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चुकलंय. या बाईचा अंगठा बघ. असा धरला तर ब्रश कानात जाईल."

मी उठून पाहिलं. अगदी खरं होतं. कित्येक वर्षं त्या पोस्टरसमोर बसत होते, पण त्या दिवसापासून मला अंगठ्याशिवाय काही दिसेनाच. शेवटी डॉक्टरांच्या मागे लागून ते पोस्टर काढायला लावलं.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याने बोट दाखवलं की आपली सुखाची नजर गेलीच म्हणून समजा.

मदाम त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या इंग्लंडच्या. नवरा लेबनीज इंजिनियर. त्याच्याबरोबर तरुणपणी कुवेतला आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. इमारतीचा हारिस, म्हणजे आपला वॉचमन, इजिप्तचा. तो त्यांना मदाम म्हणायचा, म्हणून बकाल्यावरचा, म्हणजे किराण्याचा, दुकानदार म्हणायचा, म्हणून मीही. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते आपल्या भाषेत लिहितेय.

दुपारी दवाखाना बंद असतो. तेवढ्यासाठी अब्बासियाला घरी जाऊन परत येण्यात काही अर्थ नाही, म्हणून मी मागच्या खोलीत डबा खात बसायचे. मदामना ते कळल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. मग रोजचंच झालं. माझी पोळीभाजी, त्यांचा चहा आणि खडखडणारा एसी.

"तुम्ही काय काम करायचात?" मी एकदा सहज विचारलं.

"मुलींना रडवायचे."

मला वाटलं, शाळेत बाई असतील. तशा इथे येऊन काही वर्षं त्यांनी चित्रकला शिकवलीही होती. पण त्याआधी लंडनमध्ये त्या मुलींसाठी निघणाऱ्या चित्रकथांच्या साप्ताहिकांत चित्रं काढायच्या. "दर आठवड्याला तीन पानं. एक अनाथ मुलगी, एक दुष्ट आत्या, एक घोडा. मुली संपादकांना कळवायच्या, फार रडलो, अजून रडवा." चित्रांखाली चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती. सही केली तर ऑफिसातला माणूस पांढऱ्या रंगाने पुसून टाकायचा, असं त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही.

त्याला कारण होतं. माझा मामा बोटीवर होता. एकदा त्याने गुहागरला आणलेल्या काचेच्या भांड्यांभोवती अशाच साप्ताहिकांची पानं गुंडाळलेली होती. भांडी आईने कपाटात ठेवली आणि पानं आम्ही दोघी बहिणींनी पळवली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चित्रं बघून गोष्ट आम्हीच रचली. त्यात एक लंगडी मुलगी होती आणि तिचा पांढरा घोडा. तिचं नाव आम्ही कुंदा ठेवलं होतं.

मी सहज म्हणून हे मदामना सांगितलं, तर त्या चहाचा कप खाली ठेवून बघतच राहिल्या. "लंगडी? डाव्या पायाने? केस असे कानामागे?"

"हो."

"माझी आहे ती."

मग आमची गोष्ट त्यांना अथपासून इतिपर्यंत ऐकायची होती. मी सांगितली. कुंदाला रत्नागिरीला आईकडे जायचं असतं, पण घोड्याला एसटीत घेत नाहीत, म्हणून ती चालत निघते. मदाम ठसका लागेपर्यंत हसल्या. "लेखकाने याहून वाईट लिहिलं होतं," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यातही ती कुंदाच झाली.

इथवर सगळं छान होतं. पुढचं मात्र आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

घरी जाऊन मी इंटरनेटवर शोधलं. इंग्लंडच्या एका प्रकाशकाने ती जुनी गोष्ट नुकतीच पुस्तकरूपात काढली होती. मी मागवलं. पार्सल आलं, उघडलं, तर पहिल्याच पानावर चित्रकार म्हणून कुणा पुरुषाचं नाव, वर त्याच्याबद्दल दोन परिच्छेद कौतुक. मी ते पुस्तक घेऊन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेले. मदामनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मध्येच थांबल्या. चष्मा कपाळावर गेला.

"चुकलंय."

"चुकलंय काय, सरळ चोरी आहे ही!"

"घोड्याचा मागचा पाय. असा उभा राहिला तर पडेल तो. मला ताप होता त्या आठवड्यात. तेव्हाच कळलं होतं मला, पण पानं द्यायची होती." आणि त्यांनी पेन्सिल घेऊन माझ्या नव्याकोऱ्या पुस्तकात खूर दुरुस्त करायला सुरुवात केली.

"मदाम, नाव! नाव बघा ना!"

"अं? हो. तेही चुकलंय."

तो माणूस कोण, हे त्यांच्याकडून काढून घ्यायला मला पुढच्या दोन-तीन दुपारी घालवाव्या लागल्या. तो त्यांच्याच ऑफिसातला. गोष्टीचे पहिले काही भाग त्याने काढले, मग तो मुलांच्या युद्धकथांकडे गेला आणि ही गोष्ट मदामकडे आली. "चांगला माणूस होता. फक्त घोड्याचे पाय त्याला यायचे नाहीत, म्हणून तो घोडा नेहमी गवतात उभा करायचा. माझे बघ, सगळे डांबरी रस्त्यावर."

मी प्रकाशकाला कळवलं. उत्तर आलं, फार नम्र. मग एका तरुण संपादकाशी व्हिडिओ कॉल ठरला. मी मदामचे केस विंचरले, त्यांना खिडकीपाशी बसवलं. त्याने विचारलं, "तुमची प्रेरणा काय होती?"

"शुक्रवार," मदाम म्हणाल्या. "शुक्रवारी पानं द्यायची असायची."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. काही उपयोग झाला नाही. त्यांनी त्यालाच सुनावलं, की जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवर रंग फासायची अक्कल कुणाची. तो बिचारा हसत राहिला आणि मग मुद्द्यावर आला. काही पुरावा आहे का?

पुरावा कुठून आणणार? मूळ चित्रं कंपनीची, ती परत मिळत नसत. छापील अंक मदामनी जपले होते, ते याच घरात होते. इराकी सैन्य शिरलं तेव्हा दोघं नवरा-बायको सुट्टीला बैरूतला होते. युद्ध संपल्यावर परत आले तर घरात नळसुद्धा शिल्लक नव्हते. संपादक म्हणाला, "ऐकून फार वाईट वाटलं." आणि लगेच, "आणखी काही?"

मग मी गवत आणि रस्त्याची गोष्ट सांगितली. पुस्तक उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. बघा, इथपर्यंत घोडा गवतात आहे. इथून पुढे रस्त्यावर.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला. त्याने काही लिहून घेतलं नाही, ते मला दिसत होतं.

शेवटी त्याने सुचवलं, आता एखादं चित्र काढून पाठवता येईल का?

"या वयात मी परीक्षा देणार नाही," मदाम म्हणाल्या. मी विनवण्या केल्या, रुसले, दोन दिवस चहाला गेले नाही. मग एका दुपारी त्यांनी हारिसला पाठवून मला वर बोलावलं. टेबलावर कागद मांडलेला होता. त्यांचा हात बरीच वर्षं थरथरायचा. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून त्यांनी रेघ ओढायला घेतली. श्वास रोखायच्या, रेघ ओढायच्या, श्वास सोडायच्या. बरेच दिवस ते चाललं. शेवटी कुंदा कागदावर आली. रेघा जरा कापऱ्या होत्या, पण ती कुंदाच होती. गुहागरच्या पडवीत मी जिला पाहिलं होतं, तीच.

आम्ही चित्र स्कॅन करून पाठवलं. आठवड्याभराने उत्तर आलं. चित्र सुंदर आहे, पण शैली मूळ चित्रांशी जुळत नाही.

त्या बाईंचाच हात, आणि म्हणे जुळत नाही! माझा इतका संताप झाला की समोरच्या पेशंटला मी चुकीच्या दिवसाची अपॉइंटमेंट दिली. मदामनी मात्र दार लावून घेतलं ते उघडेचनात. बाहेर धुळीचं वादळ सुरू होतं, जिन्यातही तोंडावर रुमाल धरावा लागत होता. मी दार वाजवत राहिले तेव्हा कुठे उघडलं.

"बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "नाही जुळत. मी केव्हाच पाहिलं होतं ते."

"मग पाठवू का दिलंत?"

"तू चहाला येत नव्हतीस."

मी घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, "अगं, तू दाताच्या दवाखान्यात कामाला आहेस की कोर्टात? सोड आता." मी सोडलं नाही. मेल करतच राहिले, शेवटी शेवटी तर सभ्यपणाही सुटला. आणि पुस्तक पुन्हा छापलं तेव्हा त्यांनी खरंच दुरुस्ती केली. त्या पुरुषाचं नाव काढलं. तिथे छापलं: चित्रकार अज्ञात.

"चला, निम्मं तरी काम झालं तुझं," नवरा म्हणाला. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

मदाम ते वाचून खो खो हसल्या. "आधी मी तो होते, आता कुणीच नाही. बढती मिळाली म्हणायची की काय?"

"मी लिहिणार आहे तुमच्यावर," मी म्हटलं. "मराठीत. नाव, गाव, सगळ्यासकट."

"लिही. पण नाव घालू नकोस."

"का पण? एवढं भांडले मी ते कशासाठी?"

"नाव घातलंस की तू नावाबद्दलच लिहिशील. पायाबद्दल लिही. तो खरंच चुकला होता."

मी शब्द दिला. आज लिहिताना तो दर ओळीला टोचतोय, पण पाळतेय.

त्यानंतर काही महिन्यांनी मदाम न्हाणीघरात पडल्या. कॅनडाहून मुलगा आला. समंजस, घाईतला माणूस. त्याने घर आवरलं, सामान वाटून टाकलं आणि आईला घेऊन जायचं ठरवलं. मदाम भांडल्या नाहीत. मला त्याचाही राग आला. भांडायला हवं होतं.

विमानतळावर मी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. मदाम व्हीलचेअरवर होत्या, मांडीवर शाल. मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं, पण मुलगा सारखा घड्याळ बघत होता. त्यांनी माझा हात थोपटला, म्हणाल्या, "जेवून घे." मग पोर्टरने खुर्ची आत वळवली.

आत रांगेच्या कडेला एक केरळी कुटुंब उभं होतं. त्यांची लहान मुलगी सुटकेसवर बसून, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून, जीभ बाहेर काढून बुटाची नाडी बांधत होती. मदामनी हात वर करून पोर्टरला थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगा काहीतरी म्हणाला. खुर्ची पुढे निघाली, तशी त्यांची मान मागे वळत गेली, त्या मुलीच्या दिशेने.

मी काचेच्या अलीकडे होते, हात हलवत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.