जावेनं दुधात पाहिलेली पावडर

धाकट्या आजीशी मी का बोलत नाही, असं तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलंत. नीट सांगायचं तर लिहायलाच हवं.

वलगावच्या आपल्या अंगणात मधोमध भिंत आहे. इकडे माझी गाय, तिकडे धाकट्या जावेची, म्हणजे तुमच्या धाकट्या आजीची. आमचं बोलणं तुटलं त्या उन्हाळ्यात गावातल्या गाईंना दगडी होत होती. दगडी म्हणजे कासेत जंतू शिरून येणारी सूज. सुरुवातीला कास चांगली दिसते, दूधही पांढरंच असतं. अमरावतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला घरची परीक्षा शिकवली. चारही थानांचं दूध चार वाट्यांत वेगळं घ्यायचं आणि धुण्याच्या पावडरीचं तेवढंच पाणी घालून वाटी फिरवायची. चांगलं दूध पातळ राहतं, रोगट दूध खळीसारखं घट्ट होतं. तपासलेलं दूध मी फेकून द्यायची.

जावेनं भिंतीवरून फक्त पावडर पाहिली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मी रतिबाच्या दुधात पावडर कालवते. सकाळी मी रतीब घालायला गेले, तर कुणी भांडं पुढे केलं नाही. समोरच्या घरच्या सूनबाईचं लेकरू माझ्या दुधावर वाढलेलं, तिनंही दार लोटून घेतलं.

मी वाट्या घेऊन ओट्यावर बसले आणि त्याच सूनबाईला हाक मारली. तिच्यासमोर माझ्या गाईचं दूध तपासलं. चारही वाट्या पातळ.

भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली, "इंग्रजी शिकलेल्या बाईले नाटक बी येते."

"तुझ्या गाईचं आण. पावडरीचं पाणी तूच टाक."

"माह्या गाईले काय झालं? भरल्या कासेची हाय. तुमी जळून राहिल्या."

"आणा न काकू," सूनबाई म्हणाली. "आमाले बी पाहू द्या."

आता मागे फिरता येईना. जावेनं आपल्या वाट्या आणल्या, स्वतः पाणी घातलं. तीन पातळ राहिल्या. चौथीतलं दूध वाटी कलती केली तरी हलेना.

"तुमच्या पाण्यातच खोट हाय."

"बाकी तिन्हीतही तेच पाणी आहे."

तिनं ती वाटी माझ्या रांगोळीवर उपडी केली आणि निघून गेली.

दुपारी तिच्या दारात डॉक्टरांची गाडी उभी होती. तिच्या गाईचं थान वाचलं. माझे रतीबही परत आले. पण जाऊ अजून पाहुण्यांना सांगते की माझ्या पावडरीनंच तिची गाय आजारी पडली.

तिची ती वाटी मी घासून भिंतीवर ठेवली. ती उचलत नाही, आणि मी तिला हाक मारणार नाही.