घोंगडीचा पंचनामा

शेवटच्या दिवसांतल्या एका म्हाताऱ्याच्या अंगाखालची घोंगडी मी पुरावा म्हणून काढून घेतली. नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या. एकदा तर फरार आरोपीलाच त्याच्या घराचा पत्ता विचारला, त्यानं नीट सांगितला आणि मी त्याचे आभार मानून पुढे गेलो. त्या चुका चारचौघांत सांगताना मी स्वतःही हसतो. ही मात्र कधी कुणाला सांगितली नव्हती, आणि ती विसरलोही नाही.

तेव्हा बीडमधल्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. हद्दीत एका विद्यापीठाचं वस्तुसंग्रहालय होतं. जगभरातली माणसं काय नेसतात, कशात शिजवतात, कशावर निजतात, ते तिथे काचेच्या कपाटांत मांडलेलं. दर रविवारी लोकांसाठी काही ना काही कार्यक्रम असायचा. एका सोमवारी तिथल्या प्रमुख मॅडमचा फोन आला. जनावरं पाळणाऱ्या लोकांच्या दालनातून एक वस्तू गेली होती.

मी लवाजम्यासह पोहोचलो. दालनात मंगोलियाच्या तंबूचा नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, होता, आफ्रिकेतल्या गुराख्यांची लाल वस्त्रं होती, दक्षिण अमेरिकेतली रंगीबेरंगी लोकरीची शाल होती. या सगळ्यांच्या मधलं एक कपाट रिकामं.

"यात काय होतं?" मी विचारलं.

"घोंगडी," मॅडम म्हणाल्या. "शिरूर कासारकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाची."

मला हसू आवरेना. एवढ्या लांबून आणलेल्या वस्तू सोडून चोर घोंगडी नेतो? ती आमच्या बाजारात कुठेही मिळते. पण पोलिसाच्या डोक्याला साधं काही सुचत नाही. माझ्या मनात लगेच आंतरराज्य टोळी तयार झाली. दालनातला कॅमेरा मंगोलियाकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. मग मी पहारेकऱ्याला समोर बसवून दोन तास फैलावर घेतलं. तो शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, मला घोंगडी कावून लागंल? माझ्या घरी चार हायत." मी हे वाक्य 'उडवाउडवीची उत्तरे' म्हणून टिपून घेतलं. एका पत्रकारालाही सांगून टाकलं की, धागेदोरे परराज्यात पोहोचले आहेत.

धागा सापडला तो शिरूर कासारच्या रस्त्यावर. तिकडे जीप चालवणारा एक जण आमचा जुना खबऱ्या होता. तो ठाण्यात येऊन इकडेतिकडे बघत म्हणाला, "साहेब, एक बाई हाय. रविवारी सकाळी माज्या जीपमधून आली तवा काठीवानी बारीक. दुपारी परत बसली ती नवव्या महिन्यात."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, साहेब? आमी बी लेकराबाळांचे हावोत. चार तासांत न्हाई होत तसं."

रविवारच्या कार्यक्रमाच्या नोंदी काढल्या. त्या दिवशी चरख्यावर लोकर कातून दाखवायला एक बाई आली होती, चाळिशी उलटलेली. हरवलेली घोंगडी संग्रहालयाला तिनंच दोन वर्षांपूर्वी दिली होती. दान केलेली वस्तू दात्यानंच चोरली! मी मांडीवर थाप मारली. अशी केस पुन्हा मिळायची नाही, असं वाटलं. ते मात्र खरं ठरलं.

बाईला चौकशीला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. म्हणून एक शिपाई, एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन मी तिच्या गावी गेलो. पत्र्याचं घर, बाजूला मेंढरांचा रिकामा वाडा. तिचा नवरा मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेला. बाई दारात उभी राहिली. पदर डोक्यावर, पण नजर खाली नाही.

"घोंगडी कुठंय?" मी एकदम विचारलं. हे माझं ठेवणीतलं तंत्र. समोरचा गडबडतो.

ती गडबडली नाही. बाजूला सरली आणि म्हणाली, "ती काय."

आत जमिनीवर काळी घोंगडी अंथरलेली होती आणि तिच्यावर तिचा सासरा पडला होता. हाडं आणि कातडी एवढाच उरलेला. चौकशीच्या प्रश्नांचे तीन कागद मी तयार करून नेले होते, ते खिशातच राहिले.

"चोरी का केली?" मी विचारलं.

"चोरी न्हाई केली, सायब. आमची आमी आनली." मग ती हळू आवाजात बोलू लागली. "ही लोकर आमच्याच मेंढरांची. सासूबाईनं कातली. त्या गेल्या, त्यानला हिच्यावरच घेतलं होतं. आमच्यात मानूस जायला लागला की घरच्या घोंगडीवर घेतात. मॅडम आल्या तवा हे मामा मेंढरामागं गेलते. जगातल्या लोकांच्या शेजारी तुमची घोंगडी लावू, असं त्या म्हनल्या. मला लई भारी वाटलं. दिली उचलून. मामा आले, काई बोलले न्हाईत. दोन वर्सं बोलले न्हाईत. आता जायची वेळ आली तर रोज इचारतात, माजी घोंगडी कुटं हाय?"

"मग मॅडमकडे मागायची."

"दोनदा गेलते. त्या चांगल्या हायत. म्हनल्या, समितीपुढं ठेवते, पुढच्या महिन्यात बैठक हाय." तिनं आत बघितलं. "मामा पुढच्या महिन्यापतोर ऱ्हातेत का, सायब? चार दिस असू द्या. त्यानला जाऊ द्या. मंग घोंगडी बी न्या आन मला बी न्या."

इथे मी कायद्यावर सगळं ढकलून मोकळा होऊ शकतो. पण कायद्यात वाट होती. पंचनामा करायचा, फोटो काढायचे, बंधपत्र लिहून घेऊन वस्तू त्याच घरात ठेवायची आणि न्यायालयाला कळवायचं. ती वाट मला आठवली नाही, असंही नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला मुद्देमालासह माझा फोटो मला जास्त आठवला.

मी शिपायाला खूण केली. त्यानं घोंगडीचं टोक ओढलं तसे म्हाताऱ्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघून विचारलं, "ऊन दावायला न्हेता का?"

"हो बाबा," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. घोंगडी निघावी म्हणून तो कोपरावर जोर देऊन अंग उचलू लागला. उचललं गेलं नाही, तरी पुन्हा प्रयत्न केला. आम्हाला मदत करत होता. "लवकर आना," तो म्हणाला, "ऊन कलायच्या आत."

बाईनं सतरंजी आणून त्याच्या अंगाखाली सरकवली. महिला शिपायानं तिला हात दिला. परतीच्या वाटेवर ती शिपाई माझ्यापासून लांब, मागे पंचांजवळ जाऊन बसली.

हे कळताच मॅडम धावत ठाण्यात आल्या. "मला तक्रार मागे घ्यायची आहे. घोंगडी आत्ताच्या आत्ता परत पाठवा." मी त्यांना समजावलं की गुन्हा नोंद झाला आहे, आता न्यायालयच ठरवील. त्यांनी त्याच दिवशी अर्ज दिला. तो पुढे गेला, त्यावर तारीख पडली. घोंगडी नेल्याच्या पाचव्या दिवशी म्हातारा गेला. शेवटच्या दिवशी तो विचारत होता, ऊन कललं का. हे मला त्या महिला शिपायानं सांगितलं. तिला कसं कळलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे मॅडमनी न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड केली, बाई खटल्यातून सुटली आणि घोंगडी तिला द्यावी, असा आदेश झाला. मधे एक अख्खा पावसाळा गेला होता. मुद्देमालाच्या खोलीतून गाठोडं काढलं. कापडात घट्ट बांधलेलं, दोरी, लाखेचं सील, सगळं जागच्या जागी. पंचांसमोर मी ते ऐटीत फोडलं. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली होती. उचलली तशी घोंगडीतून काळा भुगा टेबलावर सांडला. तिला अधूनमधून ऊन द्यावं लागतं, हे म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं. मी ते थाप मारायला वापरलं आणि विसरलो.

बाईनं घोंगडी हातात धरली, भोकांतून उजेडाकडे बघितलं आणि मॅडमकडे दिली. "आता घरी हिचा काय उपेग? तुमीच लावा," ती म्हणाली.

माणूस एखादी वस्तू पळवतो तेव्हा ती गेली कुठे, हे शोधण्यात आमचा जन्म जातो. ती त्याला नेमकी आजच का हवी आहे, हा प्रश्न मी त्या बाईला विचारला, तिनं उत्तरही दिलं आणि मी ते जबाबात शब्दन् शब्द लिहून घेतलं. ऐकलं मात्र नाही. लिहून घेणं आणि ऐकणं यातला फरक मला निवृत्तीपर्यंत कुणी शिकवला नाही आणि निवृत्तीनंतर शिकून उपयोग नाही.

गेल्या वर्षी मॅडमनी मला संग्रहालयात बोलावलं. इथल्या वस्तू इथे कशा आल्या, असा रविवारचा कार्यक्रम होता. घोंगडी मंगोलिया आणि आफ्रिकेच्या मधे, भोकांसकट टांगलेली. खाली ती बाई चरख्यावर लोकर कातत बसलेली. एका शाळेच्या शिक्षिका काचेजवळ गेल्या आणि त्यांनी विचारलं, "अगंबाई, एवढी भोकं कशानं पडली हिला? किडे लागले का?"

मी चहाचा कप तोंडाला लावला होता. बाईनं सूत तुटू न देता मान माझ्याकडे वळवली.

"किड्याला कावून बोल लावता, बाई? त्यो बगा चहा पितोय, त्या सायबानं खाल्ली."