उकव्याच्या बसआधी तीन कडवी

आमच्या गोडाऊनच्या दाराशी बांबूची एक टोपली टांगलेली आहे. ती फेकून द्यावी असं बायको दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणते. मी हौ म्हणतो आणि फेकत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं मंडप-बिछायतीचं दुकान आहे. मागच्या गोडाऊनमध्ये चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी आमचा गाण्याचा कार्यक्रम चालला. गाद्या आणि सतरंज्यांचे ढीग भिंतीला सारायचे, माइक उभा करायचा, आणि ज्याला गाता येतं त्यानं, ज्याला येत नाही त्यानंही, एकेक गाणं म्हणायचं. कॉलेजातल्या पोरी त्याला ओपन माइक म्हणायच्या. आम्ही नुसतं शनिवार म्हणायचो. रामपायलीचे एक मास्तर मोटरसायकलवर पेटी बांधून यायचे. परसवाड्याचा खताचा दुकानदार दर वेळी एकच दर्दभरं हिंदी गाणं धरायचा आणि दर वेळी वरच्या सुरात आपटायचा. हसून हसून पोट दुखायचं. आता तसं हसणं होत नाही बाप्पा, कोणासोबतच.

माइक माझा, जागा माझी, म्हणून कायदेही माझे. राग तर माझ्या नाकावरच. शब्द विसरला त्याला कोणी आठवण करून द्यायची नाही, त्यानं पुढच्या शनिवारी सगळ्यांना चहा पाजायचा. आणि आत येताना मोबाईल दाराच्या टोपलीत टाकायचा. व्हिडिओ काढायला लागला की माणूस गाणं सोडून तोंड सांभाळतो, असं माझं म्हणणं. या कायद्याचा मला फार अभिमान होता.

पहिला नंबर ठरलेला होता. उकव्याहून एक काकाजी यायचे, मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले. अंगानं वाळकुडे, पांढरा शर्ट, हातात खाणीत न्यायचे तोच स्टीलचा जेवणाचा डबा. डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरायचा आणि गायचं. गाणं एकच. त्यांची आई भंडाऱ्याकडची होती, धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात वाकून जे गायची ते. इतर बहुतेक जण हिंदी गायचे, त्यामुळे ते गाणं सुरू झालं की सगळं गोडाऊन चूप व्हायचं. माझी आईही तिकडलीच. कोणाला तोंड दिसू नये म्हणून मी तर पहिल्या ओळीपासूनच उगाच वायरी तपासत बसायचो.

गाण्यात एक सासुरवाशीण आहे. पहिल्या कडव्यात आभाळ भरून आलं, दुसऱ्यात तिचा भाऊ तिला न्यायला येणार असा निरोप आला. तिसऱ्यात ती रोवता रोवता मान वर करते:

पल्याडच्या बांधावर, कोन उभा छत्री धरून
भाऊ म्हनू का वाटसरू, डोळे आले पान्यानं भरून

इथं मी मनगटावरचं घड्याळ दाखवायचो. बैहरकडे जाणारी बस सात वाजता आमच्या दारावरून जायची, आणि काकाजींना तीच धरून वाटेत उकव्याला उतरावं लागे. घरी काकी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून बसवायला, चार घास भरवायला दुसरं कोणी नव्हतं. मुलगी गोंदियात, हिंदी बोलणाऱ्या घरात दिलेली. म्हणून काकाजी तिसऱ्या कडव्यावर थांबायचे, हात जोडायचे, डबा बगलेत मारून पळायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. बस चुकली नाही याचा आनंद आम्हालाच जास्त.

खरं सांगायचं तर साडेसहाला सुरू करायचं ठरलेलं असे. पण माझं हॅलो-हॅलो सातला पाच-सात मिनिटं राहीपर्यंत चालायचं. स्पीकर चिरकला की माझी इज्जत गेल्यासारखं वाटायचं. सगळे बसलेत, काकाजी डबा मांडीवर घेऊन तयार आहेत, आणि मी आपला बटणं फिरवतोय. बायकोनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "अवो, त्याईले कधी पुरं गाऊ द्यान का नाही? तुमचा माइक का पळून चालला?" सगळे हसले. मीही हसलो. पालथ्या घड्यावर पाणी.

काकाजी स्वतः एकदाच बोलले. त्या दिवशी पावसानं बाकीचे उशिरा आले होते आणि आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. गाणं पाच कडव्यांचं आहे, हे मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "भाऊ, पोरीले मराठी समजते, पन बोलत नाही. नातवायले तं समजतही नाही. आता हे गानं माह्यापाशीच हाय. एक डाव पुरं गाऊ द्या, कोनाच्या तरी कानावर राहीन."

मी म्हटलं, हौ काकाजी, का नाही, पुढच्या शनिवारी सहालाच सुरू करू. पुढच्या शनिवारी लग्नाच्या मांडवाचं काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी स्पीकर बिघडला. मग मी विसरलो, आणि काकाजी परत बोलणाऱ्यातले नव्हते. याच दिवसांत कॉलेजातल्या एका पोरीनं त्यांचं गाणं मोबाईलवर घेऊ का म्हणून विचारलं होतं. मी तिला म्हटलं, हे काय लग्न हाय का व्हिडिओ काढायले? तिच्या हातातला मोबाईल घेऊन मीच टोपलीत टाकला.

त्या हिवाळ्यात काकी गेल्या. तेराव्याला आम्ही पाच-सहा जण उकव्याला जाऊन आलो. काकाजी म्हणाले, आता बसची घाई नाही, मकर संक्रांत झाली की येतो, आरामात गातो. मी मनात ठरवलं, त्या दिवशी दुसरा कोणताच नंबर लावायचा नाही. नंबर लिहायच्या पाटीवर एकट्या काकाजींचं गाणं लिहायचं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मुलगी त्यांना गोंदियाला घेऊन गेली. होळीच्या आधीच्या एका शनिवारी दारात गाडी थांबली आणि तिनं काकाजींना धरून आत आणलं. ती म्हणाली की बाबूजी सकाळपासून डबा घेऊन दाराशी बसले होते, जेवत नव्हते, तेव्हा घेऊन आले. आम्ही त्यांना पुढं गादीवर लोडाला टेकून बसवलं. त्यांनी डबा डाव्या मांडीवर घेतला आणि आमच्याकडं पाहिलं. मला माइक तपासायचं भान राहिलं नाही. तसाच बंद माइकसमोर उभा राहून मी पहिली ओळ उचलली, आणि सगळं गोडाऊन माझ्यामागं गायला लागलं. मास्तर, दुकानदार, कॉलेजच्या पोरी, ज्यांना धड मराठी येत नव्हती तेही. चार वर्षं ऐकलेलं होतं, एक शब्द कोणाचा चुकला नाही. काकाजी डाव्या हाताच्या बोटांनी झाकणावर ताल देत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते हसत होते. मला वाटलं, चला, वाचलं गाणं.

तिसरं कडवं संपलं. सवयीनं आम्ही टाळ्या वाजवल्या.

काकाजींचा हात थांबला नाही. त्यांनी मान हलवली आणि ताल चालूच ठेवला. आमच्याकडं पाहत, ओठ हलवत. सूर नाही, शब्द नाही. टाळ्या आपोआप बंद झाल्या. आम्ही एकमेकांची तोंडं पाहू लागलो. चौथं कडवं पूर्ण होईपर्यंत ते वाजवत राहिले. मध्ये थोडं थांबले, दम घेतला, आणि पाचवंही तसंच वाजवलं, शेवटी ताल हळू करत. मग डावा हात कपाळाला लावून त्यांनी एकाच हातानं नमस्कार केला. गाणं त्यांनी पूर्ण गायलं होतं. आम्हाला ऐकू आलं ते फक्त झाकण.

मुलगी पदरानं डोळे पुसत माझ्याजवळ आली. तिनं हे गाणं लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलं होतं, पण काही आठवत नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "अंकल, आगे क्या है? वो भाई ही था ना?"

चार वर्षांत दोनशे शनिवार तरी झाले असतील. मी टोपलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बेटा," मी म्हटलं, "हमने उनको कभी पूरा गाने ही नहीं दिया."